फर्निचरचा छोटा कारखाना: पहिलं वर्ष कसं काढायचं

हा लेख दुकान थाटणाऱ्यांसाठी नाही. उल्हासनगरहून किंवा ओशिवऱ्याच्या बाजारातून तयार माल आणून विकणं हा वेगळा धंदा आहे. इथे विचार केलाय तो अशा माणसाचा, ज्याच्या स्वतःच्या हातात सुतारकाम आहे किंवा ज्याच्यासोबत एक भरवशाचा मिस्त्री आहे, आणि ज्याला पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा एखाद्या शहराच्या कडेला शेड घेऊन स्वतःच्या नावाने फर्निचर बनवायचं आहे.

असे कारखाने बंद पडतात तेव्हा काम वाईट होतं असं क्वचितच असतं. एका कपाटाला खरोखर किती पैसे लागले हे मालकाला ठाऊक नसतं, आणि एका गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्समधून दुसऱ्याचं प्लाय आलेलं असतं. म्हणून यंत्रांपेक्षा हिशेबाबद्दल इथे जास्त लिहिलं आहे. ज्यांना कोणती मशीन घ्यावी एवढंच बघायचं आहे, त्यांचीही निराशा होणार नाही, पण त्यांनी भाव काढण्याचा भाग आधी वाचावा.

काय बनवायचं नाही, ते आधी ठरवा

बाहेरून बघणाऱ्याला सगळं फर्निचर सारखंच वाटतं. प्रत्यक्षात हे तीन निराळे धंदे आहेत.

पहिला भरीव लाकडाचा: देव्हारा, झोपाळा, दाराची चौकट, सागवानी डायनिंग टेबल. यात कसब लागतं, भावही चांगला मिळतो. पण लाकूड आधी घेऊन वाळवत ठेवावं लागतं, त्यामुळे भांडवल शेडमध्ये पडून राहतं. दुसरा पॅनेलचा, म्हणजे प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड कापून कपाटं, बेड, टेबलं बनवण्याचा. तिसरा साइटवरचा: गिऱ्हाइकाच्या फ्लॅटमध्येच महिनाभर ठाण मांडून सगळं घर करून द्यायचं. त्याला शेड लागत नाही, पण माणसं एकाच घरात अडकतात आणि सोसायटीच्या कामाच्या वेळा पाळाव्या लागतात.

सुरुवात पॅनेलच्या कामाने करा, आणि त्यातही दोनच वस्तू निवडा. कपाट आणि स्टोरेजचा बेड ही जोडी सगळ्यात सोयीची, कारण दोन्हींचे आकार बरेचसे ठरलेले असतात. क्वीन बेडची गादी ६० बाय ७८ इंच, किंगची ७२ बाय ७८. कपाटाची खोली साधारण दोन फूट. एकच कपाट पाचव्यांदा बनवता तेव्हा कटिंगची यादी तयार असते, भोकांचे साचे तयार असतात आणि किती तास लागतील हे तोंडपाठ असतं. दर वेळी नवं डिझाइन घेणाऱ्याला प्रत्येक काम पहिलंच असतं.

मॉड्युलर किचन पहिल्या वर्षी घेऊ नका. त्यात प्लंबर, ग्रॅनाइटवाला, इलेक्ट्रिशियन, चिमणी बसवणारा अशा चौघांच्या तारखांवर तुमची तारीख अवलंबून असते, आणि उशिराचं खापर फुटतं सुतारावर. देव्हाऱ्याचं काम मात्र अधूनमधून जरूर घ्या. पैसे फार नाहीत, पण हात शाबूत राहतो, आणि देव्हारा घेऊन गेलेलं घर तुमचं नाव विसरत नाही.

जागा

सहाशे ते हजार चौरस फुटांत दोन-तीन माणसांचं काम भागतं. पण एकूण क्षेत्रफळापेक्षा लांबी महत्त्वाची. प्लायचं शीट आठ बाय चार फुटांचं असतं. टेबल सॉच्या (टेबलात बसवलेल्या करवतीच्या) पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळं नसेल तर ते शीट कापता येत नाही. म्हणजे अठरा-वीस फुटांची सलग मोकळी लांबी हवी. चौकोनी पण खांबांनी भरलेल्या शेडपेक्षा लांबुळकी शेड बरी.

बाकी गोष्टी पटापट पाहून घ्या. टेम्पो दारापर्यंत येतो का? पावसाळ्यात जमिनीला ओल येते का? येत असेल तरी चालेल, मग शीट जमिनीवर न ठेवता चार-सहा इंच उंच लाकडी पट्ट्यांवर आडवीच रचायची. भिंतीला उभी टेकवली की बाक येतो. शेजारी राहती घरं आहेत का? करवतीचा आवाज आणि भुसा यावरून तक्रार आली की ती मिटत नाही, म्हणून राहत्या वस्तीतलं गॅरेज स्वस्त मिळालं तरी टाळा. सुरुवातीची यंत्रं सिंगल फेजवर चालतात, पण पुढे थ्री फेज मिळेल का, हे भाडेकरार करण्याआधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. आणि पॉलिशसाठी एक बंद कोपरा राखा. थिनर आणि भुसा एका जागी राहिले तर आग लागायला एक ठिणगी पुरते.

यंत्रं: काय घ्यायचं, काय बाहेरून करून घ्यायचं

पहिल्या वर्षी विकत घ्यावं असं: एक बऱ्यापैकी टेबल सॉ, हातातली सर्क्युलर सॉ, राउटर (खाचा पाडायला), ट्रिमर (कडा छाटायला), जिगसॉ (वळणदार कापायला), दोन ड्रिल मशीन (एक भोकाला, एक स्क्रूला, म्हणजे बिट बदलण्यात वेळ जात नाही), लहान कंप्रेसर आणि ब्रॅड नेलर (हवेच्या दाबाने बारीक खिळे मारणारा), सँडर, आणि क्लॅम्प (जोड आवळून धरायचे शिकंजे). क्लॅम्प लोक सगळ्यात शेवटी घेतात आणि सगळ्यात कमी घेतात. डझनभर तरी घ्या. हत्यारांत रंधा, पटाशा, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) आणि स्टीलची पट्टी उत्तम प्रतीची हवी. गुण्या दुकानातच तपासा: पट्टीच्या कडेला लावून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारा. दोन रेघा जुळल्या नाहीत तर तो गुण्या परत ठेवा. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ही खरेदी एका फेरीत होते.

स्लायडिंग पॅनेल सॉ आणि एज बँडिंग मशीन लगेच घेऊ नका. मोठ्या शहरांत ही कामं करून देणारे जॉबवर्कवाले आहेत. तुम्ही कटिंगची यादी द्यायची, शीट पोचवायची. ते काटकोनात कापून, कडेला पीव्हीसी पट्टी लावून परत देतात. त्यांची मजुरी महाग वाटते. पण हाताने लावलेली पट्टी दुसऱ्या पावसाळ्यात सुटते आणि मग तुमचा माणूस अर्धा दिवस गिऱ्हाइकाच्या घरी जातो, तो हिशेब धरला तर महाग नाही.

मोठ्या ओंडक्यांसाठी बँड सॉ बसवायचा मोह झाला तर थांबा. ओंडके चिरणं हे आरा गिरणीचं काम आहे, त्याला वन खात्याचा परवाना लागतो आणि नव्या गिरण्यांवर कडक निर्बंध आहेत. वखारीतून चिरलेलं लाकूडच घ्या, आणि बिल जपून ठेवा. सागाचं बिल नसेल तर लाकूड कुठून आलं हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते.

सुरक्षेचं एकदाच सांगतो. लाकडाचा बारीक भुसा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत आहे. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क द्या. टेबल सॉवर पात्यामागची पाचर आणि वरचं झाकण काढून ठेवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. तुमच्या शेडमध्ये ती चालू देऊ नका. आणि फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालायचे नाहीत, पातं बोटासकट हातमोजा ओढतं.

माल

प्लायवर छापलेला क्रमांक वाचायला शिका. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं प्लाय. त्यात एमआर हे फक्त दमट हवा सोसणारं आणि बीडब्ल्यूआर हे पाणी सोसणारं. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. बेडरूमच्या कपाटाला मरीन लावणं ही उधळपट्टी आहे, आणि सिंकखाली एमआर लावणं हा स्वतःवर ओढवून घेतलेला वाद. आयएस ७१०च्या चाचणीत प्लायचा तुकडा ७२ तास उकळतात. तुम्ही घरच्या पातेल्यात पाच-सहा तास उकळलात तरी बनावट मालाचे पापुद्रे सुटतात. नवा ब्रँड घेण्याआधी हे एकदा कराच. शिवाय जाडी व्हर्नियरने मोजा. १८ मिमीच्या नावाखाली १६.५ मिमी खपवणं ही बाजारातली जुनी खोड आहे, आणि त्याने नुसते पैसे जात नाहीत, तुमचे सगळे खाचे सैल बसतात.

भरीव लाकूड घनफुटावर मिळतं. इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी गुणिले फुटातली लांबी, भागिले १४४. सहा इंच रुंद, दोन इंच जाड, सात फूट लांब फळी म्हणजे ८४ भागिले १४४, साधारण ०.५८ घनफूट. वखारीत हे तोंडी आणि वेगाने होतं. तुम्ही तुमच्या मोबाइलवर शांतपणे करा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला नाव आहे, बल्लारशा आणि आलापल्लीच्या डेपोंतला माल राज्यभर जातो. पण नावापेक्षा दोन गोष्टी बघा: पांढरा भाग किती आहे, कारण किडा तिथेच आधी लागतो, आणि लाकूड किती ओलं आहे. ओलावा मोजायचं साधं मीटर घ्या. १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर काम सुरू करा, १८-२० असेल तर हात लावू नका.

लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, उभं जवळजवळ नाही. पुण्यात उन्हाळ्यात बनवलेलं टेबल रत्नागिरीला गेलं की पहिल्या पावसात त्याची रुंदी वाढते. म्हणून भरीव टॉप खालच्या चौकटीला फेव्हिकॉलने चिकटवू नका. लांबट खाचेत स्क्रू बसवा, म्हणजे फळीला सरकायला जागा राहील. लॅमिनेटच्या कामातही असंच: पॅनेलच्या एका बाजूला १ मिमीचं लॅमिनेट आणि दुसरी बाजू उघडी ठेवली तर दार धनुष्यासारखं वाकतं. आतल्या बाजूला लायनर (पातळ लॅमिनेट) लावलंच पाहिजे.

प्लायवाला महिनाभराची उधारी देईल. पहिले सहा महिने घेऊ नका. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा असतो, आणि उधारीवर आलेल्या शीटची किंमत अंदाजात धरायची राहून जाते.

माणसं

एक पक्का मिस्त्री आणि एक हेल्पर, एवढ्यावर सुरुवात करा. पगार हजेरीवर द्यायचा की चौरस फुटाच्या लेबर रेटवर (जेवढं काम तेवढी मजुरी), हा वाद जुना आहे. माझं मत स्पष्ट आहे: शेडमध्ये हजेरी, साइटवर रेट. शेडमध्ये रेट ठरवला की माणूस वेगाने जोडतो, आणि कडा घासायच्या तुमच्याकडे राहतात.

आठवड्याची खर्ची (पगारातून आधी दिलेले खर्चाचे पैसे) आणि उचल एका वहीत लिहा आणि त्या माणसासमोर लिहा. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारमधले कारागीर होळी, छठ किंवा घरच्या लग्नाला गावी जातात, तेही दोन दिवसांसाठी नाही. तारखा महिनाभर आधी विचारून कामाच्या वेळापत्रकात टाका. गावी जाताना मोठी उचल दिली की माणूस परत येईल, असं समजणारे बरेच आहेत. परत येतो तो त्याला वेळेवर पैसे आणि बरी वागणूक मिळते म्हणून.

भाव कसा काढायचा

इथे घाई करू नका. दोन दारांचं कपाट घेऊ: उंची २१०० मिमी, खोली सुमारे ६०० मिमी. रुंदी किती? गिऱ्हाईक म्हणतं चार फूट. चार फूट म्हणजे १२१९ मिमी, आणि शीट असतं १२२० मिमी रुंद. दोन दारं एका शीटमधून काढायची तर करवतीच्या पात्यात आणि शीटच्या कडा सरळ करण्यात काही मिमी जातात, म्हणजे दुसरं दार बसत नाही आणि वेगळं शीट फोडावं लागतं. त्याऐवजी १२०० मिमीचं कपाट सुचवा. प्रत्येकी ५९७ मिमीची दोन दारं एका शीटमध्ये आरामात बसतात. ५८० मिमीच्या दोन बाजू दुसऱ्या शीटमध्ये. वरची-खालची फळी आणि दोन कप्पे, प्रत्येकी ११६४ बाय ५८०, चारही तिसऱ्या शीटमध्ये. उरलेल्या पट्ट्यांत ड्रॉवरचे पुढे-मागे आणि पाया. तीन शीट १८ मिमीची आणि पाठीला एक पातळ. रुंदीतल्या १९ मिमीच्या हट्टाने चौथं शीट लागलं असतं. डिझाइन करताना गिऱ्हाइकाच्या भिंतीआधी शीटचा आकार डोळ्यांसमोर हवा.

आता आकडे. हे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा.

१८ मिमी प्लाय ९० रुपये चौरस फुटाने, तीन शीट: ८,६४०
पाठीचं ६ मिमी प्लाय, एक शीट: १,४४०
बाहेरचं लॅमिनेट, दोन शीट: ३,०००
आतलं लायनर, पाच शीट: ३,५००
बिजागऱ्या, चॅनेल, हँडल, कुलूप: ३,०००
एज बँडिंग, चिकट, स्क्रू: १,८००
मालाची बेरीज: २१,३८०
मिस्त्री आणि हेल्पर, चार दिवस: ७,२००
टेम्पो आणि घरी बसवणं: २,०००
एकूण: ३०,५८०

बहुतेक जण इथे थांबतात, त्यावर चार-पाच हजार चढवतात आणि ३५,००० सांगतात. गिऱ्हाईक खूश, मालकही खूश. पण शेडचं भाडं १८,०००, वीज ४,०००, पेट्रोल-फोन ६,०००, पाती-बिट-दुरुस्ती ४,०००, म्हणजे महिन्याला ३२,००० रुपये शेड उघडी ठेवण्याचे. महिन्यात २५ दिवस काम धरलं तर रोजचे १,२८०. कपाटाला चार दिवस लागले, म्हणजे ५,१२०. हातात उरले होते ४,४२०. याचा अर्थ तुम्ही चार दिवस फुकट राबलात आणि वर ७०० रुपये घातलेत.

त्यात स्वतःचा पगार धरा, समजा ३०,०००. मग शेडचा रोजचा खर्च २,४८० होतो आणि चार दिवसांचा ९,९२०. एकूण ४०,५००. त्यावर १२ टक्के नफा, ४,८६०. सांगायचा भाव ४५,३६०. दर्शनी क्षेत्रफळ २७ चौरस फूट, म्हणजे चौरस फुटाला साधारण १,६७५ रुपये. बाजारात लोक चौरस फुटाचा भाव विचारतात, तो द्यायला हरकत नाही. पण तो या वाटेने काढलेला हवा, शेजारच्या शेडमधून ऐकलेला नको.

स्वतःचा पगार आणि नफा वेगळे का? पगार तुमच्या श्रमाचा. नफा नवीन यंत्राचा, बुडालेल्या पैशाचा आणि रिकाम्या महिन्याचा. पितृपक्षात ऑर्डर येत नाहीत तेव्हा शेडचं भाडं याच पैशातून जातं.

रोजचा खर्च हा एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा किती टक्के सोडायचे यापेक्षा किती दिवस वाचवता येतील असा विचार करा. आतल्या खणाला एक ड्रॉवर कमी, हँडलऐवजी साधी खाच, अशा बदलांनी अर्धा दिवस वाचतो. भाव नुसता पाडला तर काहीच वाचत नाही.

कागदावर काय असावं

कोटेशनमध्ये प्लायचा ग्रेड आणि ब्रँड, लॅमिनेटचा कोड नंबर, बिजागरीचा प्रकार, आतली रचना आणि काय समाविष्ट नाही हे लिहा. "वीजजोडणी, रंगकाम आणि जुनं फर्निचर हलवणं यात नाही" हे एक वाक्य कित्येक भांडणं वाचवतं. रेखाचित्रावर गिऱ्हाइकाची सही घ्या. हाताने काढलेलं चालेल, पण मापं मिलिमीटरमध्ये हवीत. सही झाल्यावर बदल सांगितला तर वेगळा भाव, हेही आधीच सांगा, हसतमुखाने सांगा.

पैसे तीन टप्प्यांत: ऑर्डरला ५० टक्के, माल शेडमधून निघण्याआधी ४०, बसवून झाल्यावर १०. मधला हप्ता "आधी आणा, मग देतो" यावर सोडू नका. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक ऑर्डरच्या ॲडव्हान्समधून त्याच ऑर्डरचा माल त्याच आठवड्यात घ्या. वरच्या कपाटाचे ५० टक्के म्हणजे साधारण २२,७०० रुपये, म्हणजे मालाची २१,३८० ची रक्कम त्यात निघते. ही मर्यादा पाळली तर धंदा गिऱ्हाइकाच्या पैशावर चालतो. एकाच्या ॲडव्हान्समधून दुसऱ्याचं काम पुरं करायला लागलात की दर महिन्याला एक नवी ऑर्डर मिळवणं भागच पडतं, मग भाव कितीही पडो.

नोंदणी आणि कर्ज

उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची (एमएसएमई) सरकारी नोंदणी, आधारवर, ऑनलाइन आणि फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. माणसं थोडीच असतील तर शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यमचा एक फायदा लोक वापरत नाहीत: ऑफिसला किंवा बिल्डरला माल दिला तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं एमएसएमई कायद्याने बंधनकारक आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

जीएसटीची नोंदणी राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. लाकडी फर्निचरवर १८ टक्के कर आहे. गिऱ्हाईक घरगुती असेल तर नोंदणी नसणं स्वस्त पडतं, पण मग प्लायवर भरलेला कर परत मिळत नाही, तो मालाच्या किमतीत धरा. ऑफिसांची कामं हवी असतील तर नोंदणी करून घ्या, आणि भाव नेहमी "कर वेगळा" असाच सांगा. मधला पर्याय कंपोझिशनचा, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याचा: १ टक्का कर, दीड कोटीपर्यंत, पण गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही.

पारंपरिक सुतारकाम करणाऱ्याने पीएम विश्वकर्मा योजना बघावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांचं कर्ज आहे. मोठ्या गुंतवणुकीला पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम): शहरात सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरेंना अनुक्रमे २५ आणि ३५. शेड शहराच्या हद्दीत की बाहेर, हे ठरवताना हा फरक लक्षात ठेवा. मात्र अनुदान मिळतंय म्हणून न लागणारी मशीन प्रकल्प अहवालात भरू नका. अहवाल लिहून देणाऱ्या एजंटाला ती भरायला आवडतात. हप्ता तुम्हाला भरायचा आहे.

पहिली गिऱ्हाईकं

पहिली तीन कामं नात्यातली किंवा ओळखीची असतील. तिथेही कोटेशन, ॲडव्हान्स आणि सही सगळं करा. मामाला सवलत द्यायची असेल तर ती बिलात दाखवून द्या, म्हणजे किती दिली ते दोघांनाही कळतं. काम झाल्यावर सकाळच्या उजेडात फोटो काढा: बंद दारं, उघडी दारं, आतला ड्रॉवर, कडेचा जवळचा फोटो. शेवटच्या दोन फोटोंनीच लोकांना विश्वास वाटतो. नव्या इमारतींचा ताबा मिळायला लागतो तेव्हा तिथल्या रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांना सुतार हवा असतो. एका घरात चांगलं काम केलंत की उरलेल्या मजल्यांना जाहिरात लागत नाही. इंटिरियर डिझायनर काम देतात, पण कमिशन आणि उशिरा पैसे दोन्ही धरून भाव सांगा.

माप घेणं आणि घरी बसवणं

भिंत सरळ नसते. रुंदी जमिनीजवळ, कमरेला आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी मापातून दहा-पंधरा मिमी सोडा. फट पट्टीने झाकता येते, जास्तीचं लाकूड भिंतीत जात नाही. स्कर्टिंगची जाडी, स्विचबोर्ड, पंख्याचं पातं आणि खोलीचं दार उघडल्यावर कुठे येतं, हे बघा. मग लिफ्टचं माप घ्या. सात फुटी कपाट जोडलेलं न्यायचं ठरवलं आणि जिन्याचं वळण अरुंद निघालं, तर मिनिफिक्स (फळ्या पुन्हा सोडवता येतील असं जोडणीचं फिटिंग) लावून सुटं नेण्याची सोय शेडमध्येच करायला हवी होती, हे चौथ्या मजल्याच्या जिन्यात कळून उपयोग नाही.

ड्रॉवरला टेलिस्कोपिक चॅनेल (सरकणारी लोखंडी पट्टी) असेल तर दोन्ही बाजूंना मिळून २६ मिमी सोडा, एक मिमीही कमी नको. २१०० मिमीच्या दाराला चार बिजागऱ्या. बाहेरून झाकणाऱ्या दाराला सरळ बिजागरी, मधल्या सामाईक फळीवर अर्ध्या क्रँकची (बाकाची), आत बसणाऱ्याला पूर्ण क्रँकची: ऑर्डर देताना हे लिहून द्या, नाहीतर चुकीचा डबा येतो आणि फिटिंगचा दिवस वाया जातो.

बसवून महिना झाला की स्वतःहून एकदा जाऊन बिजागऱ्यांचे स्क्रू सारखे करा. दारं थोडी बसतातच. अर्ध्या तासाचं काम आहे, ते अंदाजात आधीच धरलेलं असावं.

वर्षाचा अंदाज

दसरा-दिवाळीच्या आधीचे दोन महिने आणि गुढीपाडवा ते अक्षय तृतीया हा जोराचा काळ. दिवाळीच्या ऑर्डरी गणपती उठताना बंद करा. त्यानंतर घेतलेली ऑर्डर दिवाळीत पुरी होत नाही आणि गिऱ्हाईक ते वर्षभर सांगत फिरतं. जून ते ऑगस्टमध्ये मेलामाइन पॉलिशवर दमट हवेने पांढरट झाक येते, म्हणून पॉलिशची कामं उन्हाळ्यात ओढून घ्या आणि पावसाळ्यात लॅमिनेटची करा. मंदीच्या आठवड्यांत दोन स्टोरेज बेड बनवून ठेवायला हरकत नाही, आकार ठरलेलेच आहेत. कपाटं मात्र भिंतीच्या मापाने बनतात, ती आधी बनवून ठेवू नका.

यंत्र कधी वाढवायचं, याचाही हिशेब वहीतूनच निघतो. जॉबवर्कवाल्याला कटिंग आणि बँडिंगचे गेल्या सहा महिन्यांत किती पैसे दिले ते बघा. ते नव्या मशीनचा सहा महिन्यांचा हप्ता, वीज आणि ती चालवणाऱ्या माणसाचा पगार यांच्या बेरजेपेक्षा सलग जास्त असतील, तर आता मशीन घ्या. एखाद्या मोठ्या ऑर्डरमुळे एकाच महिन्यात जास्त झाले असतील, तर ती ऑर्डरही जॉबवर्कवरच काढा.